आमच्या बॉयलरला पंपच नव्हता. ६,५२५ डॉलर गेल्यावर हे कळलं

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं. बेसमेंटमध्ये बॉयलर, खोल्यांत बिडाचे जड रेडिएटर आणि प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप असेल, तर तुमचं घर वाफेवर तापतं, आणि अशा घरांवर टपून बसलेली माणसं आहेत. आमच्याकडून तपासणीचे ३८५ डॉलर घेतले, ‘सिस्टिम बॅलन्सिंग’चे २,६४० आणि नव्या बॉयलरचा अॅडव्हान्स म्हणून ३,५००. तो बॉयलर आजतागायत आलेला नाही.

घर १९२६ सालचं. वरच्या मजल्यावर इतकं उकडायचं की भर जानेवारीत खिडक्या उघडाव्या लागायच्या, आणि खाली, जिथे सासू-सासरे झोपायचे, तिथला रेडिएटर कोमटसुद्धा होत नव्हता. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. दोन स्वेटर, शाल आणि वरून माझा जाड कोट घालून बसायच्या आणि तरी म्हणायच्या, “मला नाही गं वाजत थंडी.” अशा वेळी माणूस तीन ठिकाणची कोटेशनं गोळा करत बसत नाही. ओळखीच्यांच्या ग्रुपवर एका हीटिंगवाल्याचा नंबर मिळाला, खाली दोघातिघांनी ‘चांगला माणूस आहे’ लिहिलेलं, मी फोन केला. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी मला सांगावं.

तो आला, बॉयलरवर टॉर्च मारला, वरच्या एका रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, पंप कमजोर झालाय, त्यामुळे गरम पाणी खालच्या मजल्याला पुरत नाही.

याच वाक्याला त्याला दार दाखवायला हवं होतं. आमच्या पद्धतीत गरम पाणी फिरतच नाही! बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ आपल्या बळावर पाइपातून चढते, रेडिएटरमध्ये तिचं पाणी होतं आणि ते त्याच पाइपाने उतारावरून परत येतं. पंप लागतोच कशाला? मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते. ‘कुठे आहे तो पंप, दाखवा’ एवढं विचारलं असतं तर त्याला काहीच दाखवता आलं नसतं. रात्री झोपताना हे आठवतं आणि अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. पण माझी हीटिंगशी ओळख ती काय? साताऱ्याच्या घरातला अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. डॉक्टरकडे जाताना कुणी शरीरशास्त्र शिकून जात नाही. पैसे मोजून बोलावलेला माणूस निदान घर कशावर तापतं एवढं तरी खरं सांगेल, असं धरून चालणं हा गुन्हा नाही. बिलावरही त्याने चक्क ‘पंप सर्व्हिस’ लिहिलंय. ते बिल माझ्याकडे आहे.

२,६४० डॉलर घेऊन केलं काय? वरच्या रेडिएटरांचे व्हॉल्व्ह अर्धे फिरवून ठेवले. एका पाइपाच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी एकाच चिंचोळ्या जागेत अडतात. पहाटे पाइपांत दणादण आवाज सुरू झाले, रेडिएटरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटमधून पाणी उडायला लागलं, लाकडी फ्लोअर काळं पडलं. वाफेचा दाब ठरवणारी प्रेशरट्रोल नावाची एक छोटी पेटी बॉयलरवर असते, तिच्यावरचा दाब त्याने वाढवून ठेवला. घरगुती वाफेला दीड-दोन पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर दाब लागतच नाही. वाढवला की गॅस जास्त जळतो, व्हेंट खराब होतात आणि थंड खोली थंडच राहते. शिवाय वरखाली सगळीकडे एकाच मापाचे एअर व्हेंट बसवले. म्हणजे ज्याने मजल्यांमधला तोल साधायचा, नेमकं तेच सगळीकडे सारखं करून टाकलं.

आवाजाची तक्रार केली तर उत्तर तयार होतं: बॉयलर लहान पडतोय, नवा ११,९०० डॉलरचा, ३,५०० आत्ता द्या. एकही रेडिएटर मोजला नव्हता त्याने. वाफेचा बॉयलर रेडिएटरांच्या बेरजेवरून ठरतो. प्रत्येकाचं तापणारं क्षेत्रफळ काढायचं, दर चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं एकक) धरायचे. जो माणूस खोल्याखोल्यांत जाऊन रेडिएटर मोजत नाही, त्याने बॉयलरची किंमत सांगितली तरी ऐकू नका.

शेवटी वाफेचंच काम करणारा एक म्हातारा मेकॅनिक मिळाला. त्याने आधी बेसमेंटमधल्या मुख्य पाइपांची टोकं पाहिली. दोन्ही मेन व्हेंट गंजून बंद होते. पाइपातली हवा बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही. तिला वरच्या मजल्याची वाट मोकळी मिळत होती, आणि थर्मोस्टॅट खालच्या थंड खोलीत असल्यामुळे बॉयलर थांबायचं नावच घेत नव्हता. त्याने मेन व्हेंट बदलले, खाली हवा लवकर सोडणारे आणि वर सावकाश सोडणारे व्हेंट लावले (गॉर्टन कंपनीचे असतील तर ४, ५, ६, सी, डी असा वेग चढत जातो), सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले, दाब उतरवला, आणि सासूबाईंच्या खोलीतल्या रेडिएटरच्या लांबच्या पायांखाली पट्ट्या सरकवून पाणी व्हॉल्व्हकडे परत येईल असा उतार दिला. मजुरीसकट ४१२ डॉलर. जुना बॉयलर ठणठणीत आहे.

आता दाद कुठे मागायची, तेही ऐका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, आमचा संबंध नाही. बँक म्हणाली, अॅपवरून पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे ते तुमच्या संमतीने गेले. तक्रार कार्यालयाने लांबलचक फॉर्म भरून घेतला, फोटो मागितले, मग तेच फोटो पुन्हा मागितले, आणि शेवटी पत्र आलं: कंत्राटदाराला कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही, सबब फाइल बंद. उत्तर दिलं नाही म्हणून त्याच्यावर कारवाई नाही, माझी फाइल बंद! परमिटच्या खिडकीवर सांगितलं, परमिट काढलंच नव्हतं तर आमच्याकडे तपासायला काय आहे? अहो, परमिट न काढता बॉयलरच्या कामाचे पैसे उकळतो, हीच तर तक्रार आहे! जो तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो. नियम भरपूर आहेत. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीला लेखी करार लागतो, तो प्रत हातात आल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, कंत्राटदाराचा नोंदणी क्रमांक करारावर आणि गाडीवर असावा लागतो. त्याच्या गाडीवर क्रमांक होता. मुदत संपलेला. हे मला घरबसल्या पाच मिनिटांत सापडलं, मग पगारी माणसांना का सापडत नाही?

अॅडव्हान्स क्रेडिट कार्डानेच द्या, निदान भांडता येतं. काढलेले जुने व्हेंट काम करणाऱ्याला घेऊन जाऊ देऊ नका. आणि ग्रुपवर ‘चांगला माणूस’ लिहिण्याआधी त्याने तुमच्याकडे वाफेचं काम केलंय की नुसता नळ बदललाय, ते लिहा.

स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर, आमची रक्कम त्याच्या वर, म्हणून वरच्या विभागात दावा लावलाय. तुमच्या घरी एकपाइपी वाफ असेल आणि कुणी बिलावर ‘पंप सर्व्हिस’ लिहून पैसे घेतले असतील, तर ते बिल फेकू नका. मला त्याची प्रत हवी आहे.