ब्लॅकआउटची खिडकी: काळा कागद की काळं कापड?

दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीनं रात्री घरातला उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही, तो ब्लॅकआउट. म्हापशातल्या शाळेच्या हॉलात १९४२ च्या मुंबईतली चाळीची खोली उभी करायची, तर खिडकीला काय लावावं? (गोवा तेव्हा तटस्थ पोर्तुगालकडे, म्हणून देखावा मुंबईचाच.)

कागद स्वस्त, दहा मिनिटांत लागतो. पण दमट हवेत खळ सुटते, टाचणीपाशी फाटतो, घडीवर पांढरी रेघ उमटते. कापडाला खर्च जास्त, शिवण आलीच. काळा रंगवलेला एकेरी मांजरपाट उजेड गाळतो. दुहेरी घ्या, चौकटीबाहेर चारही बाजूंनी १० सेंटिमीटर सोडा, खालच्या दुमडीत काठी घाला. आत दिवा लावून बाहेरून बघा, उजेड हमखास कडेनं फुटतो. पॉलिस्टर नकोच, चकाकतं. कंदील दोन्हींपासून लांब.

एका दिवसाच्या कार्यक्रमाला कागद पुरे. फिरत्या प्रदर्शनाला कापडच. मात्र वाळवून घडी घाला, नाहीतर बुरशी.