इंटरकूलर पाइप: अडीच इंची की तीन?

टोयोटा सुप्राच्या ३ लिटर २जेझेड इंजिनाला मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवताना गाडं इथे हमखास अडतं: टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप किती रुंद घ्यायचा? तीन इंची पाइपचं छेदक्षेत्र ४४ टक्के जास्त. तीच हवा संथ वाहते, घर्षण कमी होतं. लॅग, म्हणजे पेडल दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर, वाढतो? दोन मीटर पाइपमध्ये जेमतेम पावणेतीन लिटर हवा जास्त मावते, आणि ४००० आरपीएमला हे इंजिन बूस्टशिवायही (टर्बोच्या जादा दाबाविना) सेकंदाला शंभरेक लिटर ओढतं! लॅगचा खरा धनी टर्बोच.

तीन इंचीची डोकेदुखी वेगळी. त्याच बूस्टला जोड उखडणारा जोरही ४४ टक्के वाढतो, म्हणून टी-बोल्ट क्लॅम्प (बोल्टने घट्ट आवळायचे पट्टे) हवेतच. बंपरमागे कापाकापी, वेल्डिंगची मजुरी वेगळी.

रोजच्या ४००-५०० हॉर्सपॉवरला अडीच पुरे. सातशेपुढे, ड्रॅग रेससाठी (सरळ रेषेतली छोटी शर्यत), तीन. मधल्यांनी इंटरकूलरपर्यंत अडीच, तिथून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) तीन घ्यावा.