जुन्या संगणकातील रॅमच्या तक्रारी, मेमटेस्ट८६ प्लस आणि वापरलेल्या डीडीआर२ पट्ट्या : आठ महिन्यांनंतर

आमच्या डिचोलीच्या घरातील संगणक २००९ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलच्या जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) असून रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन खाचांत १ जीबीच्या दोन डीडीआर२ (रॅमचा एक जुना प्रकार) पट्ट्या होत्या. गावच्या देवळातील उत्सवी नाटकांच्या संहिता वडिलांनी याच संगणकावर टंकित करून ठेवल्यामुळे तो भंगारात देण्याचा विचार मी कधी केला नाही. गेल्या जुलैत मात्र बटण दाबताच लांब बीप पुन्हा पुन्हा वाजू लागला आणि पडदा काळाच राहिला.

एका दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड गेल्याचे सांगण्यात आले. मला ते पटले नाही. बीप वाजतो याचा अर्थ प्रोसेसर बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतील) सूचना वाचून तपासणी करतो आहे, आणि अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये असा सतत येणारा लांब बीप प्रामुख्याने रॅमकडे बोट दाखवतो. वीजजोडणी काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मी पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या सोनेरी पिनांवर अंधुक थर चढला होता. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात महिनाभर बंद राहिलेल्या यंत्राचे असे होते. पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या हाताने घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, खाचांतील धूळ ब्रशने काढली आणि दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप बसेपर्यंत पट्ट्या दाबल्या. संगणक सुरू झाला.

खरा त्रास त्यानंतरचा. दोन दिवसांनी विंडोजचा निळा पडदा (गंभीर बिघाडाची सूचना) येऊ लागला, आणि मी घाईने फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेत बसलो. ही माझी मोठी चूक होती. डिस्कवरून निघालेली माहिती रॅममधूनच पुढे जाते, त्यामुळे रॅम सदोष असताना घेतलेली प्रतही बिघडू शकते. आधी रॅम तपासावी, मगच प्रत घ्यावी, असे मी आता सर्वांना आग्रहाने सांगतो.

मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा मोफत, मुक्त स्रोत कार्यक्रम पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो, त्याला विंडोज लागत नाही. दोन्ही पट्ट्या एकत्र असताना चुका दाखवणाऱ्या लाल ओळी दिसल्या, पण त्यावरून दोष कोणाचा हे कळत नाही. म्हणून पहिली पट्टी एकटीच पहिल्या खाचेत, मग दुसरी त्याच खाचेत, आणि निर्दोष ठरलेली पट्टी दुसऱ्या खाचेत, असे एका वेळी एकच बदलत तपासले. सदोष पट्टी पहिल्या फेरीत स्वच्छ निघाली होती. यंत्र तापल्यावर तिसऱ्या फेरीत तिच्या चुका दिसल्या. एका फेरीवर समाधान मानू नये, रात्रभर चालू ठेवावे.

पर्यायी रॅम म्हणून २ जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या घेतल्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या तरी पट्टीच्या कडेवरची कापलेली खाच वेगळ्या जागी असते आणि विद्युतदाबही १.८ व १.५ व्होल्ट असा वेगळा, म्हणून दुकानदाराला नेमके नाव सांगावे. ४ जीबीच्या स्वस्त डीडीआर२ पट्ट्यांपैकी अनेक फक्त एएमडी प्रोसेसरच्या मदरबोर्डवर चालतात, इंटेलच्या नव्हे, त्यांच्या मोहात पडू नये. ३२ बिटच्या विंडोज ७ वर ४ जीबीपैकी साधारण सव्वातीन जीबीच वापरता येते, कारण स्मृतीतील पत्त्यांचा (ॲड्रेसचा) काही भाग इतर उपकरणांसाठी राखलेला असतो. तो दोष नव्हे.

आठ महिन्यांत निळा पडदा पुन्हा आलेला नाही. चवथीच्या सुमारास एकदा सुरू होताना ‘सीमॉस चेकसम’ची (बायोसने जतन केलेली माहिती बिघडल्याची) सूचना आली, तेव्हा रॅमवर संशय घेण्याआधी सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलली आणि बायोसमध्ये तारीख व वेळ पुन्हा भरली. पावसाळ्यात रोज अर्धा तास संगणक चालू ठेवतो, आणि गरम असताना त्यावर प्लास्टिकचे आवरण कधीही घालत नाही.

घाईत घेतलेल्या त्या प्रतीतील एका संहितेचा दुसरा अंक मात्र उघडत नाही, आणि डिस्कवरील मूळ फाइलही त्याच दिवसांत पुन्हा जतन झाल्याने बिघडली आहे. वडिलांची हस्तलिखित वही सुदैवाने घरात आहे. तिच्यावरून तो अंक मी सध्या नव्याने टंकित करत आहे.