पायथन की जावास्क्रिप्ट? क्लास-ऑब्जेक्टपर्यंत जायचं असेल तर

भाचा बारावी झाल्यापासून विचारतोय की मामा प्रोग्रामिंगची कुठली भाषा आधी शिकू, आणि इथे इंदूरला रामबागेतल्या अजून दोघातिघांनी हेच विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहितो. मी आधी जावास्क्रिप्ट शिकलो, मग पायथन. व्हेरिएबल, लूप, फंक्शन इथपर्यंत दोन्हीत फार फरक नाही, त्यावरून ठरवू नका. उलट सुरुवात जावास्क्रिप्टची जास्त सोपी, काही इन्स्टॉल करायला नको, ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, कन्सोल (कोड लिहून लगेच चालवायची जागा) उघडा आणि लिहा, उत्तर लगेच तिथेच दिसतं.

खरी गंमत ऑब्जेक्ट ओरिएंटेड सुरू झालं की, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून लिहायला लागलात की. त्यात क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली एकेक वस्तू.

आईच्या भिशीचा हिशोब ठेवायला मी जावास्क्रिप्टमध्ये सदस्य नावाचा क्लास केला होता. नाव, जमा रक्कम, आणि हजाराचा हप्ता मिळवून नवा आकडा दाखवणारी एक मेथड, म्हणजे क्लासच्या आतलं फंक्शन, बस. कन्सोलमधून चालवलं, बरोबर. मग पानावर बटण टाकलं, क्लिकला तीच मेथड लावून दिली, आणि आकड्याच्या जागी आलं एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. लाल एरर कुठेच नाही! दोन संध्याकाळी गेल्या माझ्या त्यात. झालं असं होतं की जावास्क्रिप्टमध्ये मेथडच्या आत चालू ऑब्जेक्टसाठी धिस लिहितात, आणि हे धिस म्हणजे कोण हे मेथड कुठे लिहिली त्यावर नाही, ती कशी बोलावली त्यावर ठरतं. क्लिकच्या वेळी धिस म्हणजे सदस्य नव्हताच, ते बटण होतं, बटणाकडे कसली जमा रक्कम, म्हणून अनडिफाइन्ड अधिक हजार बरोबर एनएएन, आणि वर ते एनएएन त्याने गुपचूप बटणावरच ठेवून दिलं. उपाय एका ओळीचा आहे, बाइंड करा, म्हणजे मेथड त्या सदस्याशी कायमची बांधून टाका, नाहीतर अ‍ॅरो फंक्शन या छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळा. पण ज्याला ऑब्जेक्ट म्हणजे काय हेच आत्ता कुठे कळायला लागलंय त्याने हे कुठून ओळखायचं?

नंतर तीच भिशी पायथनमध्ये टीकेइंटर (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून केली. बटणाला मेथड दिली, चालली. तिथे मेथड आपला ऑब्जेक्ट सोबत घेऊनच जाते. प्रत्येक मेथडमध्ये सेल्फ (धिससारखंच, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) हाताने लिहायचा सुरुवातीला कंटाळा येतो, विसरलात तर आर्ग्युमेंट एक जास्त दिलंय म्हणून ओरडतो, पण ओरडतो तरी, कुठल्या ओळीवर तेही सांगतो. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेल्या ५०० मध्ये आकडा १००० मिळवायला गेलात तरी थांबवतो, जावास्क्रिप्ट ५००१००० करून मोकळं होतं.

पायथनमध्ये सगळं छानच आहे असंही नाही. हप्त्यांची लिस्ट मी इनिटच्या (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) बाहेर, थेट क्लासमध्ये लिहिली होती, तर सगळ्या बायकांचे हप्ते एकाच लिस्टमध्ये जमा व्हायला लागले. आणि आतली माहिती खरंच लपवायची तर जावास्क्रिप्टमध्ये आता नावाआधी हॅश (#) लावून खरी प्रायव्हेट फील्ड मिळते, पायथनमध्ये नावाआधी अंडरस्कोअर (_) म्हणजे नुसता समजूतदारपणा.

अजून एक, जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द आला 2015 मध्ये आणि आत अजून प्रोटोटाइपच (एका ऑब्जेक्टने दुसऱ्याकडून गुण घ्यायची जुनी पद्धत) आहे, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमध्ये एक पद्धत आणि नव्यात दुसरी असा गोंधळ होतो. पायथनमध्ये क्लास पहिल्यापासून, म्हणजे 1991 पासून आहेत. फक्त भंवरकुआंला, इंदूरच्या त्या कोचिंगच्या भागात, शिकवणी लावलीत आणि नोट्समध्ये कंसाशिवाय प्रिंट दिसलं तर समजा ते पायथन 2 आहे, त्याचा सपोर्ट 2020 लाच बंद झाला, त्या नोट्स घेऊ नका. इन्हेरिटन्सपर्यंत (एका क्लासवरून दुसरा क्लास करणं) शिकवणार का हेही फी भरायच्या आधी विचारून घ्या.

वेबसाइटचंच काम करायचं पक्कं असेल तर जावास्क्रिप्टने सुरू करायला माझी ना नाही, प्रत्येकाची गरज वेगळी. फक्त पहिला क्लास लिहाल त्या दिवशी वरचा बटणाचा प्रयोग एकदा स्वतः करून बघा. भाच्याच्या लॅपटॉपवर मात्र मी परवाच पायथन टाकून दिलंय.