होम वॉरंटीच्या 'अंतिम सूचने'ला फोन करण्याआधी

डॅलसच्या आसपास नुकतं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी तरी हे वाचाच. होम वॉरंटी म्हणजे दरमहा पैसे भरायचे आणि घरातलं उपकरण बिघडलं की कंपनीने दुरुस्त करून द्यायचं, असा करार. क्लोजिंग झालं, म्हणजे घर कागदोपत्री आपल्या नावावर आलं, की पत्रपेटीत अशाच एखाद्या कंपनीचा गुलाबी कागद येतो. वर तुमच्या लेंडरचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, कर्जाची रक्कम, आणि ठळक अक्षरात 'अंतिम सूचना'. मला वाटलं, बँकेचंच काहीतरी राहिलंय. कोणालाही वाटेल! आपल्या कर्जाचा आकडा परक्या माणसाला कसा ठाऊक असणार? पण काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) दप्तरात कर्जाचे कागद नोंदवले की ते कोणीही उघडून बघू शकतं. पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'तुमच्या लेंडरशी आमचा संबंध नाही' असं छापलेलं असतं. ती ओळ मला दिसली थेट भांडण पेटल्यावर.

पत्रावरच्या नंबरला फोन केला. फोनवरची बाई गोड. महिना ५८.९९ डॉलर, दुरुस्तीवाल्याच्या दर भेटीला ८५ डॉलर फी, मोठी उपकरणं सगळी कव्हर्ड. एसी २००८ चा आहे, चालेल का, असं मी स्पष्ट विचारलं होतं. "आम्ही वय बघत नाही, सर." खरंच बघत नाहीत, पावत्या बघतात! करार आधी पाठवा म्हटलं, तर म्हणाली, कार्ड नंबर दिला की ईमेलवर येईल. तिथेच फोन आपटायला हवा होता. बैल घेतानाही माणूस आधी दात मोजतो. पण घरात खोकी पडलेली, मुलांच्या शाळेची धावपळ, त्यात टेक्सासच्या उन्हाळ्याची धास्ती. दिला नंबर.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्यांच्या माणसाने एसीला हात लावण्याआधी मागच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या. आधीच्या मालकाच्या पावत्या मी कुठून आणू? त्याने टॅब्लेटवर 'कॉइल घाण, देखभालीचा अभाव' असं लिहिलं, ८५ डॉलर कापले आणि गेला. क्लेम नामंजूर. आरडाओरडा केल्यावर 'सद्भावना' म्हणून ६१२ डॉलरचा चेक पाठवला. जुना एसी आर-२२ गॅसवरचा. तो गॅस बनवणं आणि आयात करणं अमेरिकेत २०२० पासून बंद आहे, म्हणून आतल्या कॉइलसकट सगळंच बदलावं लागलं. बिल ९,८४० डॉलर.

त्यांना दोन वर्षांत गेले १,४१५.७६, वर तीन भेटींचे २५५. आधीच्या दोन भेटी म्हणजे सिंकखालचं डिस्पोजल (खरकटं दळणारं यंत्र) आणि एक गळका नळ. बाहेरच्या प्लंबरने दोन्ही कामं ३०० डॉलरांत केली असती. ते १,६७०.७६ बाजूला टाकले असते तर त्यात नवा एसी आला नसता, हे मलाही कळतं. पण आता तेही गेले आणि ९,८४० पण गेले.

मग सरकारी दार. इथे या कंपन्यांना राज्याचा परवाना लागतो, म्हणून परवाना देणाऱ्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं की हा कराराच्या अर्थाचा वाद आहे, खासगी वकील गाठा. अहो, वकिलाची फी परवडत असती तर ५८.९९ ची वॉरंटी घेतली असती का? दुसऱ्या एका तक्रार केंद्राने कंपनीचं छापील उत्तर मला पुढे ढकललं आणि 'कंपनीने प्रतिसाद दिला' म्हणून फाइल बंद केली. फोन केला की तासभर संगीत, मग दुसरी खिडकी. परवाना देताना यांनी नक्की काय तपासलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

असा 'सद्भावने'चा चेक आला तर वटवू नका. 'पूर्ण व अंतिम' असं काही छापलेलं असेल तर वटवला की दावा संपू शकतो. टेक्सासमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात (लहान दाव्यांच्या कोर्टात) वकिलाशिवाय लावता येतो, पण करारात लवादाचं कलम आहे का ते आधी बघा. घर विकणाऱ्याने पहिल्या वर्षाची वॉरंटी स्वतःच्या पैशाने दिली तर खुशाल घ्या, मात्र कार्डावरचं आपोआप नूतनीकरण बंद करा. घराच्या किमतीच्या एक टक्का दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका. एसीचं सर्व्हिसिंग वर्षातून एकदा स्वतः करून घ्या, पावतीचा फोटो ठेवा. आणि नवीन युनिट बसवलंत तर उत्पादकाच्या साइटवर लगेच नोंदणी करा. बऱ्याच कंपन्या नोंदणी केली तरच सुट्या भागांची १० वर्षांची वॉरंटी देतात, नाहीतर ५. त्याला पैसे पडत नाहीत.