सावंतवाडीची दशावतारी गंजिफा
मोबाईलवर पत्त्यांचे डाव खेळून विजयाचे स्क्रीनशॉट मित्रांना पाठवणाऱ्या माझ्यासारख्याने सावंतवाडीतून हाताने रंगवलेला गंजिफेचा, म्हणजे जुन्या पारंपरिक पत्त्यांचा, संच घ्यावा, हे घरच्यांना अजबच वाटले. दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी एकूण 120 गोल पाने त्यात आहेत. मत्स्याच्या खवल्यांवरची कुंचल्याची रेघ किंचित थरथरलेली दिसते, आणि ऑनलाइन खेळांतल्या गुळगुळीत चित्रांत नेमकी तीच सापडत नाही. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने, तर रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने डाव सुरू करायचा, हा नियम कोणत्याही गेम डिझायनरला हेवा वाटावा असा आहे. मात्र संचासोबत नियमपत्रिका नसल्याने खेळ शिकण्यासाठी पुन्हा यूट्यूबच गाठावे लागले. किंमत खिशाला जड आहे. केवळ शोभेसाठी हवी असेल, तर सुटी पानेच घ्यावीत.