जिल्हा पुरवणी: पाणी-बाजारभावाला उत्तम, निवडणुकीत कच्ची

बीड, लातूर, परभणीकडे दैनिकासोबत येणारी जिल्हा पुरवणी घ्यावीच. बाजार समितीतले सोयाबीनचे भाव, मांजरा-जायकवाडीचा पाणीसाठा, टँकरच्या खेपा, इतकं गावपातळीचं दुसरीकडे मिळत नाही. निवडणूक लागली की मात्र ती घसरते. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याच ठिकाणी जाहिरातीही आणतो, त्याचं कमिशन हीच त्याची खरी कमाई. मग जाहिरातदार उमेदवाराविरुद्ध तो लिहिणार कसा?

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, ओळखायची तर एकाच दिवसाचे दोन-तीन पेपर शेजारी ठेवा. मथळा तोच, फोटो तोच, मजकूर शब्दशः तोच आणि वार्ताहराचं नाव वेगळं किंवा नाहीच, तर ती बातमी नव्हे. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक टायपात ‘जाहिरात’ आहे का, तेही बघा. कात्रणावर पेपरचं नाव, तारीख, पान लिहून जिल्हा पातळीवरच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे (निवडणुकीत पेड न्यूजवर नजर ठेवणारी समिती) त्याच दिवशी द्या. मतदान झाल्यावर मतदाराचं नुकसान भरून निघत नाही. प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जायचं तर आधी संपादकाला पत्र लागतं, दैनिकाविरुद्ध तक्रारीची मुदत मजकूर छापल्यापासून २ महिने. कौन्सिल ताशेरे ओढतं, दंड करू शकत नाही. ही मोठीच उणीव आहे.